गढूळ पाण्यातला कण मोजायचा तर आधी फोटोचं माप घ्या

माझी भाची ठाण्यात टीवायबीएससीला आहे. जुलैमध्ये तिने प्रोजेक्टसाठी घोडबंदर रोडच्या कडेने वाहणारं पावसाचं लाल पाणी बाटलीत भरलं, कॉलेजच्या मायक्रोस्कोपला मोबाईल लावून फोटो काढले, आणि रविवारी माझ्याकडे कळव्याला आली तेव्हा वहीत लिहून आणलं होतं, गाळाच्या कणांचा सरासरी व्यास २३.४७१८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मी रबाळ्याला कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजायची यंत्रं बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, १४ वर्षं झाली, व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज तपासणं हेच रोजचं काम, त्यामुळे दशांश चिन्हापुढे चार आकडे दिसले की माझा पहिला प्रश्न ठरलेला, हे कुठून आले? ती म्हणाली, मावशी, एक्सेलने दिले. म्हटलं बस, आता हे आपण नीट पहिल्यापासून करू.

त्यानंतरचे पाच रविवार आम्ही दोघींनी जे केलं ते इथे लिहितेय, कारण अशीच प्रोजेक्ट करणारी बरीच मुलं मला विचारतात आणि प्रत्येकाचं घोडं एकाच जागी अडलेलं असतं. फोटो काढला म्हणजे मोजलं असं त्यांना वाटतं. पण कॅमेरा लावलेला मायक्रोस्कोप हे एक मोजायचं यंत्र आहे, व्हर्निअरसारखंच, त्याला पण झिरो एरर असतो (शून्यावर असतानाच काहीतरी चुकीचं दाखवणं), लीस्ट काउंट असतो (कमीत कमी किती मोजता येतं ते), आणि ते तपासल्याशिवाय त्यातून आलेल्या आकड्याला मी तरी माप म्हणणार नाही.

हे मी अंगावर शेकून शिकलेय. पहिल्या नोकरीत, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, मी सकाळी स्क्रू गेज उचलला आणि झिरो न बघता शाफ्ट मोजत बसले, गेज ०.०२ मिमी जास्त दाखवत होता, दुपारपर्यंत चाळीसेक शाफ्ट पास केले आणि नंतर सगळे परत मोजावे लागले. चूक माझी होती. तेव्हापासून हातात यंत्र घेतलं की आधी झिरो, मग बाकीचं.

सामान फार लागत नाही. कॉलेजचा साधा कंपाउंड मायक्रोस्कोप १० एक्स आणि ४० एक्स ऑब्जेक्टिव्हवाला (ऑब्जेक्टिव्ह म्हणजे नमुन्याजवळची लेन्स), आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या लेन्सवर, मोबाईल घट्ट बसवायचा अडॅप्टर, स्टेज मायक्रोमीटर, १ लिटरचा मेजरिंग सिलिंडर, २५ मिलीची पिपेट, थर्मामीटर, ६३ मायक्रॉनची चाळणी, निदान १ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा वजनकाटा, ओव्हन, आणि कॉम्प्युटरवर इमेजजे, फोटोतली मापं काढायचं सॉफ्टवेअर. इमेजजे फुकट आहे, वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ते लिहायला १९९७ मध्ये सुरुवात केली आणि आज जगभरच्या लॅबमध्ये तेच चालतं, त्याचीच फिजी नावाची जरा भरलेली आवृत्ती मिळते ती घ्या.

पाणी कुठून घ्यायचं ते आधी. येऊरच्या गेटच्या आत राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काही उचलायचं नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग आणि तिथली खारफुटी, तिथला चिखलही नाही. रस्त्याच्या कडेचं वाहतं पाणी चालतं. हातमोजे घाला, पावसाळ्यात अशा पाण्यातून लेप्टो होतो, पायाला जखम असेल तर दुसऱ्या कोणाला पाठवा. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि पाऊस सुरू होऊन किती वेळ झाला होता ते लगेच लिहा, घरी येऊन नाही.

फोटोचं कॅलिब्रेशन

स्टेज मायक्रोमीटर म्हणजे काचेच्या स्लाइडवर कोरलेली १ मिमीची पट्टी, तिचे १०० भाग, एक भाग १० मायक्रॉनचा. कॉलेजमध्ये तो बहुतेक कपाटात पडून असतो, मागून घ्या. कण बघायच्या आधी हीच स्लाइड लावायची, त्याच ऑब्जेक्टिव्हखाली, त्याच मोबाईलने, त्याच अडॅप्टरने, झूम जराही न करता, फोटो काढायचा. मग इमेजजेमध्ये सरळ रेघेचं टूल घेऊन शून्याच्या रेषेच्या मध्यापासून शेवटच्या रेषेच्या मध्यापर्यंत रेघ ओढायची, रेषेच्या एका कडेपासून दुसऱ्या रेषेच्या कुठल्याही कडेपर्यंत नाही, कारण कोरलेल्या रेषेलाही जाडी असते.

आम्ही हे १० एक्सला पाच वेळा केलं, दर वेळी स्लाइड काढून परत लावून. आले १५१८, १५२३, १५२०, १५१६, १५२२ पिक्सेल. सरासरी १५१९.८, म्हणजे एक पिक्सेल ०.६५८ मायक्रॉनचा, आणि पाच रीडिंगची स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवती आकडे किती विखुरलेत त्याचं माप) तीन पिक्सेलच्याही आत, म्हणजे ०.२ टक्के. हा आकडा ॲनालाइझ मेनूतल्या सेट स्केलमध्ये घालायचा. मोबाईल अडॅप्टरमधून काढला, केस बदलली, दुसऱ्या दिवशी परत लावला, तर कॅलिब्रेशन परत. आमचा नियम होता की दर बैठकीचा पहिला आणि शेवटचा फोटो स्टेज मायक्रोमीटरचा, दोन्ही जुळले नाहीत तर मधले सगळे फोटो बाद. एका रविवारी खरंच बाद केले, मोबाईल मध्येच जरासा सरकला होता, तीन तासांचं काम गेलं. पण ते कळलं हे महत्त्वाचं.

अजून एक तपासणी लोक करत नाहीत. पट्टी फोटोच्या मध्यभागी ठेवून २०० मायक्रॉनचे किती पिक्सेल येतात बघा, मग तीच पट्टी कडेला सरकवून बघा. मोबाईलची लेन्स आणि आयपीस मिळून कडेला चित्र ताणतात किंवा दाबतात. फरक एक टक्क्याच्या वर गेला तर फोटोचा फक्त मधला भाग वापरायचा, बाकी सरळ कापून टाकायचा. आम्ही मधला साधारण ६० टक्के ठेवला.

आता लीस्ट काउंट. मुलं म्हणतात कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आहे, मग सगळं बारीक दिसणारच. तसं नसतं. किती बारीक दिसणार हे आधी ऑब्जेक्टिव्ह ठरवतं. एर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये हा हिशोब मांडला, प्रकाशाच्या तरंगलांबीला न्यूमरिकल ॲपर्चरच्या दुपटीने भागा, त्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणार नाहीत. ऑब्जेक्टिव्हवर १०/०.२५ असं कोरलेलं असतं त्यातला दुसरा आकडा म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर, लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते ते त्यावरून कळतं. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर धरला तर १० एक्सला १.१ मायक्रॉन येतात, ४०/०.६५ ला ०.४२ मायक्रॉन. आणि पिक्सेल त्याच्या निम्म्याहून लहान हवा, नाहीतर लेन्सने दाखवलेलं कॅमेरा हरवतो. आमच्या १० एक्सच्या सेटअपला निम्मं होतं ०.५५ आणि पिक्सेल ०.६५८, म्हणजे तिथे लेन्सपेक्षा कॅमेराच कमी पडत होता. म्हणून ठरवलं की १० एक्सवर १५ मायक्रॉनच्या वरचेच कण मोजायचे आणि त्याखालचे ४० एक्सवर, तेही २ मायक्रॉनपर्यंतच, त्याखाली मोजणंच बंद. ही खालची मर्यादा रिपोर्टमध्ये लिहायलाच हवी, ती न लिहिता काढलेल्या सरासरीला काही अर्थ उरत नाही.

फोटो काढताना

मोबाईल आपल्याला न विचारता फोटो सुंदर करत असतो आणि मोजमापाला तेच नडतं. एचडीआर बंद, सीन ऑप्टिमायझर बंद, प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ सगळ्यात कमी, शटर आणि व्हाइट बॅलन्स एकदा लावून कुलूप, आणि शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे मोबाईलने न सजवलेला फोटो. साध्या जेपेगमध्ये कणाच्या कडेला मोबाईल स्वतःहून शार्पनिंग करतो, त्यामुळे कडेभोवती पांढरी रेघ येते आणि कण फुगतो किंवा आकसतो. रॉ जमत नसेल तर निदान सगळे फोटो एकाच सेटिंगवर काढा म्हणजे चूक झाली तरी सगळीकडे सारखी होईल, आणि एडिट करून सेव्ह करताना टिफमध्येच करा.

आमचं घर ट्रॅकपासून लांब नाही, लोकल गेली की ४० एक्सखाली चित्र स्पष्ट हलताना दिसतं. आम्ही मायक्रोस्कोपखाली जाड रबरशीट घातलं, मोबाईलला हात न लावता इयरफोनच्या बटणाने फोटो काढला, आणि गाडी जाईपर्यंत थांबलो. पंखा बंद. जुलैत कळव्यात पंखा बंद करून बसणं सोपं नाही पण कव्हर स्लिपखालचं पाणी पण मग लवकर सुकत नाही.

स्लाइडवर थेंब टाकायच्या आधी बाटली हलवायची, आणि थेंब ताबडतोब घ्यायचा, कारण मोठे कण दोन-चार सेकंदांतच खाली बसायला लागतात आणि वरून घेतला तर सगळे बारीकच येतात. कण एकमेकांवर चढत असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ करा. कव्हर स्लिप ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, कण काचेवर बसतात आणि सगळे एका फोकसमध्ये येतात, फोकसबाहेरचा कण हमखास मोठा दिसतो. कडा काळीभोर आणि आकार अगदी गोल असेल तो बुडबुडा आहे, त्याला मोजू नका.

आणि आता सगळ्यात मोठी चूक, जी मशीनची नाही तर आपली आहे. भाचीने पहिल्यांदा मोजलेले ३१ कण तिने स्वतः निवडले होते, जे छान दिसले ते. छान दिसतात ते मोठे असतात! म्हणून कुठल्या जागेचा फोटो काढायचा हे आधी कागदावर ठरवायचं, स्टेजवरच्या स्केलचे दहा आकडे चिठ्ठ्या टाकून काढायचे, त्या जागी जे दिसेल ते, रिकामं दिसलं तरी तो फोटो धरायचा. शिवाय नमुन्यांना फक्त क्रमांक द्या, मोजणाऱ्याला कुठला नमुना डोंगराजवळचा आणि कुठला बिल्डिंगच्या कामाजवळचा हे माहीत नसेल तर उत्तम. भाचीने मोजलं आणि क्रमांकांची यादी माझ्या पर्समध्ये राहिली.

इमेजजेमध्ये काय करायचं

पहिलं, रिकाम्या स्लाइडचा फोटो काढलेला असतो तो वापरून उजेडाचा चढउतार काढून टाका, इमेज कॅल्क्युलेटरमध्ये कणांच्या फोटोला रिकाम्या फोटोने भागायचं. मग रंग वेगळे करून फक्त हिरवा ठेवा, एक तर लेन्सच्या रंगदोषामुळे कडेला येणारी जांभळी झालर जाते आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे पिक्सेल दुप्पट असतात. मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती काळपट असलं की कण समजायचं तो आकडा, त्यासाठी ओत्सू पद्धत निवडा, ती १९७९ ची आहे, चित्रातल्या काळ्या-पांढऱ्याचे दोन गट स्वतःच पाडते. मग ॲनालाइझ पार्टिकल्स, त्यात फोटोच्या कडेला कापले गेलेले कण वगळायची खूण करा. प्रत्येक कणाचं क्षेत्रफळ येतं, त्यावरून तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास काढायचा.

इथे थांबून एक गोष्ट करून बघाच. ओत्सूने जो थ्रेशोल्ड दिला त्याच्या पाच खाली आणि पाच वर नेऊन परत मोजा. १० एक्सवर २० मायक्रॉनचा कण आमच्या फोटोत ३० पिक्सेलचा, त्याची कड नक्की कुठे संपते यात दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेलची शंका असतेच, म्हणजे ३० मध्ये २, साडेसहा टक्के. तिकडे स्केलची शंका होती ०.२ टक्के. स्टेज मायक्रोमीटरवर कितीही घाम गाळला तरी खरी अनिश्चितता कडेत बसलेली आहे. आणि पुढे वजन काढताना व्यासाचा घन होतो, तिथे साडेसहाचे वीस टक्के होतात. पुढची मेहनत कशावर करायची ते यावरून ठरतं, आम्ही फोकस आणि उजेड सुधारला, कॅलिब्रेशन तेवढंच ठेवलं.

आपलं मोजणं बरोबर आहे का हे बघायला माहितीतलं काहीतरी मोजायला हवं. ठराविक मापाचे पॉलिस्टायरीनचे मणी मिळतात पण महाग. बीएससीच्या फिजिक्स लॅबमध्ये लायकोपोडियमची पावडर असते, लेझरच्या कड्यांवरून तिचा आकार काढायचा प्रयोग असतो, तीच पावडर मायक्रोस्कोपखाली पण मोजा, दोन्ही उत्तरं साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास आणि एकमेकांच्या अनिश्चिततेत बसली तर पुढे जायला हरकत नाही.

आता दुसरी पद्धत, पाण्यात बुडण्याच्या वेगावरून

फक्त एका पद्धतीवर मी विश्वास ठेवत नाही. दुसरी पूर्ण वेगळी हवी, जिच्या चुका पहिलीपेक्षा निराळ्या असतील. गाळासाठी ती जुनीच आहे, स्टोक्सचा नियम. छोटा गोल कण शांत पाण्यात किती वेगाने खाली जातो, तर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. तुरटी फिरवली की पाणी का निवळतं ते यातच आहे, बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, व्यास दहापट झाला तर वेग शंभरपटीच्या दिशेने जातो. खाडीत पण हेच, नदीनाल्याचा गोडा गाळ खाऱ्या पाण्याला भेटला की गोळे होऊन बसायला लागतो, ठाणे खाडीच्या दलदलीला, जिथे फ्लेमिंगो चरतात आणि जी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, तिला या गाळाचा मोठा आधार आहे. मला हे ऐरोलीच्या पुलावरून जाताना दर वेळी आठवतं.

आपल्याला मात्र गोळे नको आहेत, सुटे कण हवेत. म्हणून गाळ बादलीत दोन दिवस बसू द्या, वरचं पाणी हळूच काढा, साधारण १ मायक्रॉनच्या खालचे कण त्या पाण्यात जातील हे वहीत लिहून ठेवा. मग गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून धुऊन घ्या, वर राहिलेलं वेगळं वजन करा, खालचं सिलिंडरमध्ये, त्यात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट लिटरला १ ग्रॅम, ते कणांना सुटं ठेवतं. चाळायचं कारण, १०० मायक्रॉनचा कण इतक्या जोरात जातो की त्याच्यामागे पाणी घुसळतं आणि स्टोक्सचं गणित तिथे लागू पडत नाही. एका लिटरमध्ये १० ते २० ग्रॅम गाळ पुरे, जास्त झाला तर कण एकमेकांची वाट अडवतात.

सिलिंडर नीट ढवळून स्टॉपवॉच सुरू. लगेच एक नमुना पिपेटने, तो एकूण गाळाचा. मग ठरलेल्या वेळी पाण्याच्या पातळीपासून बरोबर १० सेंटीमीटर खालून २५ मिली काढत जायचं, सुकवायचं १०५ अंशावर, वजन करायचं. अमुक वेळेनंतर त्या खोलीवर अमुक व्यासाच्या वरचा एकही कण उरलेला नसतो, सगळे खाली गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या नमुन्याच्या तुलनेत जेवढं वजन उरलं तेवढा भाग त्या व्यासापेक्षा बारीक.

वेळ कशी काढायची तर पाण्याचं तापमान बघून, आणि इथे पुस्तकातला तक्ता जशाच्या तसा उचलू नका. बऱ्याच तक्त्यांत पाणी २० अंशाचं धरलेलं असतं. क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या, २० मायक्रॉनच्या कणाला १० सेंटीमीटर जायला २० अंशाला ४ मिनिटं ३८ सेकंद लागतात, ३० अंशाला ३ मिनिटं ४२ सेकंदच, कारण पाणी तेवढं पातळ होतं. आमच्या घरात जुलैत पाणी ३० अंशच होतं. ३० अंशाला बाकीच्या वेळा अशा: ५० मायक्रॉनला ३६ सेकंद, १० मायक्रॉनला साधारण १४ मिनिटं ५० सेकंद, ५ मायक्रॉनला ५९ मिनिटं, २ मायक्रॉनला सहा तास आणि वर दहाएक मिनिटं. तापमानाचं महत्त्व माझ्या कामात पण हेच आहे, लांबीचं माप जगभर २० अंशाला धरतात, मे महिन्यात ३३ अंशाच्या खोलीत १०० मिमीचा स्टीलचा तुकडा सुमारे १५ मायक्रॉन लांब झालेला असतो.

सिलिंडर पाण्याच्या बादलीत उभा ठेवा, खिडकीजवळ नको, एसीखाली नको. एका बाजूने ऊन लागलं तर आत पाण्याचा प्रवाह सुरू होतो आणि बारीक कण तो प्रवाह नेईल तिकडे जातात. आणि ब्लँक विसरू नका! नुसत्या हेक्झामेटाफॉस्फेटच्या पाण्याचे २५ मिली सुकवले तर २५ मिलिग्रॅम पावडर उरते, ती प्रत्येक वजनातून वजा व्हायला हवी. सहा तासांनंतरच्या नमुन्यात गाळच थोडा असतो, तिथे ही वजाबाकी राहिली तर चिकणमाती, म्हणजे सगळ्यात बारीक कण, भलतीच जास्त दिसेल. वजन करताना पावसाळ्याची हवा हा अजून एक शत्रू, ओव्हनमधून काढलेली डिश उघड्यावर ठेवली की ओल धरते, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार करा आणि दोन वजनं सारखी येईपर्यंत परत परत सुकवा.

मॉडेलमधली गृहीतकं

स्टोक्सच्या गणितात सगळ्यात घोटाळा घनतेचा. सगळ्या पुस्तकांत कणाची घनता घन सेंटीमीटरला २.६५ ग्रॅम घेतात, ती क्वार्ट्झची. आपला डोंगर बेसॉल्टचा, दख्खनचा काळा पत्थर, त्यात क्वार्ट्झ नगण्य. त्या मातीत एकीकडे लोखंडाची जड खनिजं, दुसरीकडे हलकी चिकणमाती. म्हणून २.६५ उचलू नका, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल घ्या आणि मोजा, अर्ध्या दिवसाचं काम आहे, बाटलीतले हवेचे बुडबुडे नीट घालवलेत की झालं. आमची तीन वेळच्या मोजण्याची सरासरी २.७४ आली.

मग कुठली शंका किती महाग पडते हे बघायला एक्सेलमध्ये एक साधा खेळ करता येतो. तापमान, घनता, खोली या प्रत्येकाला एकच आकडा न देता त्याच्या आजूबाजूला यादृच्छिक आकडा द्यायचा, रँड फंक्शनने, आणि हजार ओळी भरून व्यासाचा फैलाव बघायचा, यालाच माँटे कार्लो म्हणतात. कागदावर पण अंदाज येतो: तापमान एक अंश चुकलं तर व्यास एक टक्का चुकतो, खोली २ मिमी चुकली तरी एक टक्का, पण घनता न मोजता २.६ ते २.८ मध्ये कुठेही असेल असं धरलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा टक्के. म्हणजे घनतेच्या बाटलीचा अर्धा दिवस वाया गेला नाही.

कुठल्या व्यासापेक्षा बारीक किती वजन, याचा पिपेटवरून ग्राफ काढा आणि त्यावर लॉगनॉर्मल वक्र बसवा (व्यासाचा लॉगरिदम घेतला की फैलाव घंटेच्या आकाराचा होतो असं धरणारा), गाळाला तो बहुतेक वेळा बऱ्यापैकी बसतो. पण नुसता आर स्क्वेअर (वक्र किती जवळून बसला त्याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९९ आला म्हणून थांबू नका. प्रत्येक बिंदू वक्रापासून किती दूर आहे त्याचा वेगळा ग्राफ काढा. ते वर-खाली विखुरलेले असतील तर ठीक. सुरुवातीचे सगळे वर आणि नंतरचे सगळे खाली असे रांगेत दिसले तर मॉडेलमध्ये काहीतरी सुटलंय, अशा वेळी अजून दोन पॅरामीटर घालून वक्र वाकवायचा मोह होतो, तो टाळा आणि आधी प्रयोग बघा. आमच्या पहिल्या फेरीत शेवटचे तीन बिंदू एका बाजूला होते, कारण निघालं ब्लँक एकाच डिशवर घेतलेला, त्या डिशचं वजन नीट झालं नव्हतं.

दोन उत्तरं जुळत नाहीत तेव्हा

आणि ती जुळणारच नाहीत. इथे भाची रडकुंडीला आली होती म्हणून जरा सविस्तर सांगते. दुसऱ्या खेपेला चिठ्ठ्या टाकून काढलेल्या जागांवर ४१२ कण मोजले, त्यांचा मधला कण, म्हणजे मीडियन, आला ७ मायक्रॉन. पिपेटवरून आलं २२ मायक्रॉन. तिला वाटलं सगळं चुकलं.

मायक्रोस्कोप कण मोजतो, पिपेट वजन मोजते. २० मायक्रॉनचा एक कण २ मायक्रॉनच्या हजार कणांएवढ्या वजनाचा असतो. गावात घरं किती हे मोजणारा आणि जमीन किती कोणाकडे हे मोजणारा, दोघांचं मधलं घर एकच कसं निघेल? म्हणून प्रत्येक कणाला त्याच्या व्यासाच्या घनाचं वजन देऊन मीडियन परत काढायचा. १० एक्स आणि ४० एक्सच्या फोटोंनी मुळात वेगवेगळं क्षेत्र झाकलेलं असतं, तेव्हा आधी दोन्हीकडचे कण एकसारख्या क्षेत्रफळावर आणा. हे केल्यावर आले २८.

२८ आणि २२ मध्ये अजून फरक आहे, पण आता तो समजावून सांगता येतो. चिकणमातीचे आणि अभ्रकासारखे कण चपटे असतात, स्लाइडवर ते आडवे पडतात आणि वरून फोटोत त्यांची रुंद बाजू दिसते, तोच कण पाण्यात मात्र त्याच रुंदीच्या गोळ्यापेक्षा सावकाश बुडतो, म्हणून स्टोक्सला तो लहान वाटतो. शिवाय २८ हा आकडा स्वतः डळमळीत आहे, ४१२ कणांमधलं बहुतेक वजन थोड्या मोठ्या कणांत आहे, ते दोन-चार इकडे तिकडे झाले तरी आकडा हलतो. किती हलतो बघायला त्याच ४१२ मधून परत परत ४१२ कण उचलायचे, एकच कण दोनदा आला तरी चालेल, आणि दर वेळी मीडियन काढायचा. हजार वेळा केलं तर फैलाव दिसतो, आमचा दोन्ही बाजूंना ५ मायक्रॉनच्या आसपास निघाला. नुसते १०० कण मोजले असते तर मोजणीतच दहा टक्के शंका राहते, चारशेला पाच.

आणि ते मूळ २३.४७१८? ३१ निवडलेले कण, स्टँडर्ड डेव्हिएशन ११, त्याला ३१ च्या वर्गमुळाने भागलं तर २, म्हणजे फार तर २३ अधिक-उणे ४ असं लिहिता आलं असतं, आणि तेही निवडलेल्या मोठ्या कणांचं. पिपेटच्या २२ च्या जवळ आलं तो निव्वळ योगायोग होता, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, की चुकीच्या रस्त्याने गेलेला माणूस बरोबर दिसणाऱ्या आकड्यापाशी पोचला तर तो परत मागे वळून बघत नाही.

रिपोर्टमध्ये तिने शेवटी असं लिहिलं: वजनानुसार मध्यम व्यास, पिपेटने २२ अधिक-उणे २ मायक्रॉन, फोटोवरून २८ अधिक-उणे ५, पाणी ३० अंश, घनता मोजलेली २.७४, फोटोत २ मायक्रॉनखालचे कण मोजलेले नाहीत, ६३ मायक्रॉनवरचे चाळणीने वेगळे काढलेले, अनिश्चितता के बरोबर २ धरून, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनच्या हिशोबाने आलेल्या शंकेच्या दुप्पट. मूळ फोटो जसेच्या तसे वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत्येक बैठकीच्या दोन स्टेज मायक्रोमीटर फोटोंसकट. मायक्रोस्कोपची ऑब्जेक्टिव्ह काढून बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवलीत, या हवेत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो, जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून परत वापरायचं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती त्याच जागेचं पाणी पुन्हा घेणार आहे, यादी परत माझ्या पर्समध्ये.